अडकलात सातव्या लेव्हलला, पण बिघाड तिथेच आहे का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. देवगडच्या मित्राने खाडीकाठच्या खाजणावर (बांध घालून खाडीपासून राखलेल्या खारजमिनीवर) बेतलेला, उड्या मारत कोडी सोडवायचा गेम एकट्याने बनवला आहे आणि चाचणीचं बिल्ड, म्हणजे तपासायला दिलेली कच्ची आवृत्ती, तुम्हाला पाठवलं आहे. पहिल्या पाच लेव्हलमध्ये जागोजागी सूचनांच्या पाट्या होत्या, त्याने तुम्ही कंटाळलात. सातव्या लेव्हलमध्ये बांधाच्या आतली होडी तरंगवायची होती, पण भरती आली की उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, मिटायची आणि पाणी आत यायचंच नाही. उघाडीत पेटी अडकवायची हे कळायला पाऊण तास गेला. कळल्यावरही शेवटची उडी चुकत राहिली आणि तीनचारदा सगळं पहिल्यापासून करावं लागलं. ‘सोपं कर’ म्हटलं तर मित्राला वाईट वाटेल, आणि तुम्ही फारसे गेम खेळत नाही म्हणून आपलं मत धरावं का, अशी शंकाही आहे.

वाईट वाटण्याची काळजी मला तितकीशी नाही. जो माणूस चाचणीसाठी गेम हातात देतो त्याला ऐकायचंच असतं. मला काळजी आहे ती ‘अवघड’ या शब्दाची. तो ऐकून मित्र काहीतरी नक्की बदलेल, पण बहुधा भलतंच बदलेल. कठडे रुंद करेल, भरती हळू येईल असं करेल किंवा सातव्या लेव्हलमध्ये आणखी एक पाटी ठोकेल. तुम्ही अडकलात त्याचं कारण यांपैकी एकही नसेल, तर मेहनतही वाया जाईल आणि गेमचं नुकसानही होईल.

खेळाडू चार कारणांनी अडकतो: दिसलं नाही, कळलं नाही, सुचलं नाही, जमलं नाही. चारही वेळा तोंडातून शब्द ‘अवघड’ हाच निघतो, उपाय मात्र चारांचे चार निराळे.

दिसलं नाही म्हणजे वस्तू पडद्यावर होती, पण नजरेत भरली नाही. पेटी चिखलाच्याच रंगाची होती, उघाडी कॅमेऱ्याच्या कडेला अर्धी कापली गेली होती किंवा मागच्या चित्रातली सजावट आणि हाताळता येणारी वस्तू सारख्याच दिसत होत्या. इथे रंग, उजेड आणि कॅमेरा सुधारायचा. कळलं नाही म्हणजे वस्तू दिसली, पण तिचा नियम उमगला नाही. उघाडी पाण्याच्या दाबाने मिटते, ठरावीक वेळाने मिटते की दुसरीकडच्या कुठल्या कळीने? ही शिकवण्यातली उणीव असते आणि ती बहुतेक वेळा आधीच्या लेव्हलमध्ये असते. सुचलं नाही म्हणजे सगळे नियम ठाऊक होते, फक्त त्यांची जोडणी डोक्यात आली नाही. हेच खरं कोडं. इथे अडकणं चांगलं, आणि इथे मित्राने हात लावू नये असं मी ठामपणे म्हणेन. जमलं नाही म्हणजे काय करायचं ते पक्कं ठाऊक होतं, हाताने साधलं नाही.

आता तुमचा पाऊण तास या चार खणांत वाटून पाहा. पेटी हलवता येते हे कितव्या मिनिटाला लक्षात आलं? उघाडी भरतीमुळेच मिटते अशी खात्री कधी झाली? त्यानंतर ती अडवून धरावी हे सुचायला किती वेळ गेला? आणि उड्यांत किती गेला? नेमके आकडे आठवत नसतील तर अंदाजाने लिहा, पण चार भाग वेगळे करा. ‘पस्तीस मिनिटं नियम शोधण्यात आणि दोन मिनिटं कोडं सोडवण्यात’ असं निघालं तर कोडं अवघड नव्हतंच, ते तुमच्यापुढे नीट मांडलं गेलं नव्हतं.

आपण लांबलेल्या वेळावर नाराज आहोत की वाट्याला आलेल्या उत्तरावर, हेही स्वतःला विचारा. उत्तर सापडल्यावर ‘अरे, हे तर समोरच होतं’ असं वाटून बरं वाटलं असेल तर पाऊण तास लांबला तरी कोडं निकोप आहे. ‘हे कुणाला कसं कळणार?’ असं वाटलं असेल तर ते पाच मिनिटांत सुटलं असतं तरी सदोषच. ही पहिली प्रतिक्रिया तासाभरात विरून जाते, म्हणून तिथल्या तिथे लिहून ठेवायची.

मी गेम पाहिलेला नाही, त्यामुळे पुढचा मुद्दा अंदाजाचा आहे. पण तुमच्या दोन तक्रारी, आधीचा कंटाळा आणि नंतरचं अडकणं, मला एकाच मुळातून आलेल्या वाटतात. पहिल्या पाच लेव्हलमध्ये पाट्यांनी सगळं सांगून टाकलं, म्हणून स्वतः काही करून बघायची तुम्हाला सवयच लागली नाही. सातव्यात पाट्या संपल्या आणि हाताशी काहीच उरलं नाही. हे तपासायला पहिल्या सहा लेव्हल परत पाहा आणि तीन गोष्टी शोधा. उघाडी आपोआप मिटताना आपण सुरक्षित उभं राहून पाहतो, असा प्रसंग कुठे आहे का? पेटीचा उपयोग पायरी म्हणून चढण्याखेरीज कशासाठी झाला आहे का? पाटीवर जे लिहिलं होतं ते न वाचता कळलं असतं का? सहा लेव्हल पेटी नुसती पायरी होती आणि सातव्यात अचानक ती पाचर झाली असेल, तर तो नियम गेमने शिकवलेलाच नाही.

न बोलता शिकवण्याचं उत्तम उदाहरण १९८५च्या सुपर मारिओ ब्रदर्सच्या पहिल्याच लेव्हलमध्ये आहे. तिच्या शेवटाकडे समोरासमोर दोन जिने येतात. पहिल्या जोडीच्या मध्ये जमीन आहे. उडी चुकली तर खाली पडता आणि परत चढता. पुढच्या जोडीच्या मध्ये खड्डा आहे. चुकलात तर जीव जातो. उडी तशीच, पण आधी बिनधोक सराव आणि मग धोका. नवा नियम आधी सुरक्षित जागी एकटा दाखवायचा, मग त्याला थोडी कलाटणी द्यायची, मग जुन्या नियमाशी जोडायचा, हा क्रम कोडी असलेल्या गेममध्ये तर अधिकच गरजेचा असतो. तुमच्या मित्राच्या गेममध्ये या तीनपैकी कुठली पायरी गाळली गेली, एवढं शोधून दिलंत तरी मोठं काम होईल.

आता एक गोष्ट जी फक्त आपल्या बाजूच्या चाचणीकारालाच सांगता येईल. उघाडी तुम्ही प्रत्यक्ष पाहिली असेल, तर तिची फळी खाडीच्या अंगाला वरून बिजागरीवर टांगलेली असते, भरतीचं पाणी दाबतं तेव्हा मिटते आणि ओहोटीला आतलं पाणी तिला बाहेर ढकलून वाट काढतं, हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे. नागपूरच्या खेळाडूला ते ठाऊक नसणार. म्हणून प्रत्येक नोंदीशेजारी खूण करा: हे मला गेममुळे कळलं की गावामुळे? जे गावामुळे कळलं ते गेमने शिकवलेलं नाही असं धरा, तुम्ही कुठेही अडकला नसलात तरी.

याची उलटी बाजूही आहे. माहीत असल्यामुळेच फसगत होते. खऱ्या दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. गेममध्ये ते चक्र मिनिटाभरात आटपत असेल तर हरकत नाही, ते कुणीही चटकन स्वीकारतं. पण अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, म्हणजे मोठी भरती, आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. गेमच्या आकाशात पूर्ण चंद्र काढला आहे आणि पाणी मात्र भांगासारखं जेमतेम चढतंय, तर कोकणातला खेळाडू ‘पाणी अजून वर येईल’ म्हणून वाट बघत बसेल. उघाडी खऱ्याच्या उलट वागत असेल तर आपण अडकू आणि नागपूरकर सुटेल. अशी विसंगती सापडली तर वेगळ्या परिच्छेदात लिहा. चंद्र नुसता शोभेला काढला होता की खूण म्हणून, ते मित्र ठरवेल.

उड्यांबद्दल. ‘शेवटची उडी चुकून सगळं पहिल्यापासून’ ही तक्रार उडीची नसून चेकपॉइंटची, म्हणजे चुकल्यावर गेम जिथून पुन्हा सुरू होतो त्या जागेची, असण्याची शक्यता जास्त. कोडं एकदा सुटलं की पेटी पुन्हा ढकलत नेणं, भरतीची वाट पाहणं, होडी तरंगण्याची वाट पाहणं यात विचार काहीच उरत नाही, नुसती हमाली उरते. म्हणून उडी चुकल्यापासून पुन्हा त्याच उडीपर्यंत पोचायला किती सेकंद लागले ते मोजून लिहा. नुसत्या चपळाईच्या गेममध्ये खेळाडू शंभरदा मरूनही चिडत नाही, कारण तो लगेच पुन्हा उभा राहतो आणि अडथळा समोरच असतो. कोड्याच्या गेममध्ये तीच उडी चाळीस सेकंदांच्या तयारीनंतर आली तर तिसऱ्या चुकीला माणूस गेम बंद करतो. इथे उडी सोपी करायची गरजही नसते. होडी तरंगली की तिथे चेकपॉइंट दिला तरी पुरतं.

उडीतच खोट असेल तर दोन वाक्यं कानावर येतात. ‘मी बटण दाबलं होतं, पण उडालाच नाही’ हे कडेवर घडलं असेल, तर कठड्यावरून पाय सुटल्यानंतरची सवलत गेममध्ये नसावी किंवा फार तुटपुंजी असावी. या सवलतीला गेम बनवणारे कायोटी टाइम म्हणतात. २०१८च्या सेलेस्टे या उड्यांच्या गेममध्ये ती साधारण ०.१ सेकंद आहे, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावरची चित्रं) या वेगात ६ फ्रेम. खेळाडूला ती जाणवतसुद्धा नाही, पण काढून घेतली की गेम कपटी वाटू लागतो. जमिनीला टेकायच्या किंचित आधी दाबलेलं बटण वाया जात असेल, तर ते क्षणभर लक्षात ठेवण्याची सोय राहून गेली आहे. दोन्ही वेळा ‘कंट्रोल खराब’ असं लिहू नका. कुठल्या कडेवर, पळताना की उभ्याने, दहापैकी अंदाजे किती वेळा, ते लिहा. फोनच्या स्लो-मोशन कॅमेऱ्यात अंगठा आणि पडदा एकत्र पकडता आले तर वादच मिटतो.

त्याआधी आपलं यंत्र तपासा. पावसाळ्यात वीज गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला की तो वीज वाचवायला वेग कमी करतो. गेमची गणितं फ्रेमवर बांधलेली असतील तर तेव्हा सगळंच मंदावतं, आणि काही वेळा उडीची उंचीही बदलते. १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या, पडद्यावर उलट सगळं सुसाट सुटतं. टीव्हीवर गेम मोड (चित्र उशीर न करता दाखवायची सोय) बंद असेल किंवा ब्लूटूथ कंट्रोलर असेल तर बटण आणि हालचाल यांत अंतर पडतं, आणि त्याचा दोष बिचाऱ्या लेव्हलवर जातो. म्हणून अभिप्रायाच्या डोक्यावर एक ओळ हवीच: बिल्डचा क्रमांक, लॅपटॉप चार्जिंगला होता की बॅटरीवर, पडद्याचे हर्ट्झ, कीबोर्ड की कंट्रोलर. दुपारी ओटीवर बसून खेळला असाल तर तेही लिहा. उजेडात अंधारी लेव्हल दिसत नाही आणि ‘दिसलं नाही’चा खण उगाच भरतो.

पाट्यांबद्दल ‘फार आहेत’ एवढं पुरेसं नाही. प्रत्येक पाटीसाठी लिहा की ती वाचली का, वाचली तर तेव्हा गरज होती का, आणि गरज पडली तेव्हा ती आठवली का. तिसऱ्या लेव्हलला सांगितलेली गोष्ट सहाव्यात लागणार असेल तर सांगून उपयोग शून्य. पाटी आपोआप नाहीशी होते का, पुन्हा बघता येते का, ती वाचत असताना मागे भरती चढत राहते का, हेही बघा. कंट्रोलर हातात असताना पाटीवर स्पेसबार दाबा असं येत असेल तर तो सरळ बग आहे, वेगळ्या यादीत टाका.

पाट्या मराठीत असतील तर अक्षरंही तपासा. ‘किल्ली’मधली पहिली वेलांटी क-च्या नंतर पडते का? ‘ल्ली’, ‘स्त’, ‘क्ष’ फुटून हलंतासकट दिसतात का? गेम बनवायच्या सॉफ्टवेअरपैकी गोडोच्या ४.० पासूनच्या आवृत्त्या देवनागरीची जोडणी नीट करतात, तर युनिटीच्या टेक्स्टमेशप्रो या अक्षरं दाखवणाऱ्या भागात ती आपोआप होत नाही आणि वेगळी सोय करावी लागते. मित्राला सवयीने ते वाचता येत असेल, पण नवख्या माणसाची नजर तिथेच अडखळते आणि सूचना वाया जाते. आपल्या भाषेत गेम करायला निघालेल्या माणसाला हे वेळेवर सांगणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

तुम्ही गेम फारसे खेळत नाही, याबद्दल. ट्युटोरियलच्या, म्हणजे गेम खेळायला शिकवणाऱ्या भागाच्या, बाबतीत तुमचं मत सराईत खेळाडूपेक्षा जास्त धरावं. बटण जास्त वेळ दाबून धरलं की उडी उंच जाते, हे सराईताला सांगावंच लागत नाही, म्हणून ते सांगायचं राहून गेलंय हे त्याला कधी कळणारच नाही. उड्यांच्या कठीणपणाबद्दल मात्र तुमच्या मताशेजारी तुमचा अनुभव लिहा: ‘फोनवर गेम खेळतो, कंट्रोलर पहिल्यांदाच धरला.’ मित्राला गेम सराईतांसाठीच करायचा असेल तर तो त्या हिशेबाने वाचेल. कुणासाठी करतोय हे त्याला आधी विचारून घ्या, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. गेम अजून कच्चा असेल तर चित्रांवर आणि आवाजावर काही बोलू नका, ते बदलणारच असतात.

नोंद कशी लिहावी त्याचा नमुना देते. ‘सातवी लेव्हल फार अवघड, पेटीचं कळत नाही’ याऐवजी असं लिहा: ‘लेव्हल ७, व्हिडिओत १२व्या मिनिटापासून. होडी तरंगवायची हे लगेच कळलं. उघाडी ठरावीक वेळाने उघडते-मिटते असं वाटलं, म्हणून ती उघडी असताना पळत आत जायचा प्रयत्न करत राहिलो. पाण्याच्या दाबाने मिटते हे २५व्या मिनिटाला योगायोगाने दिसलं. पेटी तोवर दोनदा उघाडीजवळ नेली होती, पण चढायला. अडकवता येते असं वाटलं नाही, कारण आधी ती कशातच अडकली नव्हती. उत्तर सापडल्यावर आनंद झाला. नंतर उडी चार वेळा चुकली, दर वेळी परत यायला ५० सेकंद.’ यात मत जवळजवळ नाहीच. काय घडलं आणि तेव्हा डोक्यात काय होतं एवढंच आहे, आणि दुरुस्ती कुठे करायची ते मित्राला यातूनच दिसेल. रेकॉर्डिंगला ओबीएस स्टुडिओ फुकट आहे, आणि खेळताना मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा म्हणजे आवाजही नोंदला जातो.

सुचवण्या शेवटी, वेगळ्या करून, आणि ‘चालेल तर बघ’ अशा सुरात. सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये एक छोटी खोली टाकावी, तिथे एक ओंडका आधीच उघाडीत अडकलेला असावा आणि पाणी आत शिरताना दिसावं, असं तुम्हाला वाटत असेल तर जरूर सांगा. पण मित्राला याहून चांगलं काही सुचू शकतं. त्याला पुढच्या लेव्हल ठाऊक आहेत, तुम्हाला नाहीत.

दोन ओळी मात्र कुठल्याही परिस्थितीत गाळू नका. एक, ‘तू मित्र नसतास तर मी गेम इथे बंद केला असता’, लेव्हल आणि मिनिटासकट. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातून विकत घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात, तेव्हा ही जागा पहिल्या दोन तासांत आली तर ती त्याला आधी ठाऊक हवी. दुसरी, ‘हे बदलू नकोस’. पेटी अडकवल्यावर पाणी आत येतानाचा क्षण आवडला असेल तर तसं स्पष्ट लिहा. गोड बोलण्यासाठी नव्हे, तर दुरुस्तीच्या घाईत तोच क्षण पुसला जाऊ नये म्हणून.

यानंतर मित्र नवं बिल्ड पाठवेल. त्यात उड्या, चेकपॉइंट आणि परत येण्याचे सेकंद तुम्ही तपासू शकता. सातवी लेव्हल आता नीट कळते का, हे तुम्हाला सांगता येणार नाही, कारण उत्तर तुमच्या डोक्यात बसलं आहे. त्यासाठी घरातलं किंवा शेजारचं एक कोरं माणूस बसवा, जमल्यास खाडी न पाहिलेलं. तुम्ही मागे बसून घड्याळ लावा आणि काहीही सांगू नका. तो पेटीकडे बघतोय आणि पुन्हा पुन्हा तिच्यावर चढतोय, असं दिसलं तरी गप्प राहा. पंधरा मिनिटं पूर्ण अडकला तर मदत करण्याआधी एकच विचारा: ‘आत्ता तुला काय करायचंय असं वाटतंय?’ त्याचं उत्तर शब्दशः लिहून घ्या आणि तसंच मित्राला पाठवा.